कोणत्या दाण्याला कोणती भाजणी? चार घाण्यांत उत्तर शोधण्याची पद्धत

इथिओपियाची कॉफी लाइट भाजावी, ब्राझीलची मीडियम, सुमात्राची डार्क. घरी कॉफी भाजायला लागलं की हे कोष्टक कुठे ना कुठे हाताला लागतंच. ते अगदीच चुकीचं नाही, पण त्यावर विसंबून राहिलं तर चांगल्या दाण्याची निम्मी चव हातातून निसटते. एकाच देशातून २००० मीटर उंचीवरची धुतलेली कॉफी येते आणि १५०० मीटरवरची, फळासकट वाळवलेलीही येते. दोन्हींना एकच भाजणी लावली तर एकीचं तरी नुकसान होणारच.

खात्रीचा रस्ता वेगळा आहे आणि तो कोणालाही जमण्यासारखा आहे. एकाच कच्च्या कॉफीचे चार घाणे चार वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबवायचे, शेजारी शेजारी मांडून चाखायचे, आणि जो सर्वांत जवळचा वाटेल त्याच्या आसपास पुन्हा तीन घाणे भाजायचे. एक किलो कच्ची कॉफी एवढ्याला पुरते, आणि त्यातून जे कळतं ते त्या दाण्याबद्दल इतर कोणी सांगू शकत नाही.

कच्चा दाणा आधी नीट पाहून घ्या

भाजायला बसण्यापूर्वी दाण्याबद्दल तीन गोष्टी कळायला हव्यात: तो किती कडक आहे, त्यात ओलावा किती आहे आणि त्यावर प्रक्रिया कोणती झाली आहे.

कडकपणा म्हणजे घनता. उंचावरच्या थंड हवेत फळ सावकाश पिकतं आणि दाणा घट्ट भरतो. ग्वाटेमालात साधारण १३५० मीटरच्या वर पिकलेल्या कॉफीला ‘स्ट्रिक्टली हार्ड बीन’ म्हणतात, ते याचमुळे. घट्ट दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून त्याला सुरुवातीला चांगली आच लागते. सखल भागातला मऊ दाणा तेवढ्याच आचेवर टाकला तर त्याची टोकं आणि कडा करपतात आणि आतला भाग मागे राहतो.

घनता घरी मोजता येते. २५० मिलिलिटरचं माप दाण्यांनी भरा, आपटू नका, वर पट्टी फिरवून सपाट करा आणि आतल्या दाण्यांचं वजन घ्या. त्याला चारने गुणलं की एका लिटरचं वजन मिळतं. कच्च्या कॉफीचा आकडा बहुधा ६५० ते ७५० ग्रॅमच्या आसपास येतो. नेमक्या आकड्यापेक्षा तुलना कामाची: आज हातात असलेला दाणा मागच्यापेक्षा जड आहे की हलका, एवढं कळलं तरी आच कमी-जास्त करायला आधार मिळतो.

चांगल्या कच्च्या कॉफीत ओलावा १० ते १२ टक्के असतो. घरी मीटर नसला तरी डोळे आणि नाक बरंच सांगतात. ताज्या दाण्याला हिरवट किंवा निळसर छटा असते आणि वासही हिरवा असतो. जुना झालेला दाणा पिवळट पडतो आणि त्याला गोणपाटाचा, सुक्या गवताचा वास येतो. असा दाणा लवकर रंग धरतो, पण चव कोणत्याच भाजणीत पूर्ण उमलत नाही. त्याच्यावर हा सगळा प्रयोग करण्यात अर्थ नाही.

प्रक्रियेचा परिणाम भाजताना लगेच दिसतो. वॉश्ड कॉफीत फळाचा गर धुऊन काढलेला असतो, त्यामुळे दाणे एकसारखे रंगतात. नॅचरल कॉफी फळासकट वाळते. तिचा रंग लवकर आणि असमान चढतो, फोलपटंही जास्त निघतात. हनी प्रक्रियेत थोडा गर ठेवून वाळवतात. ती या दोन्हींच्या मधे बसते.

शेवटी एकदा दाणे परातीत पसरून निवडून घ्या. काळे, किडीनं भोक पाडलेले आणि तुटलेले दाणे काढून टाका. एक काळा दाणा अख्ख्या कपाची चव बिघडवू शकतो, आणि मग दोष भाजणीला लागतो.

आच लागल्यावर आत काय घडतं

पहिला टप्पा वाळण्याचा. दाणा हिरव्याचा फिकट होतो, गवताचा वास सुटतो आणि साधारण १५० अंश सेल्सिअसला पिवळा पडतो. तिथून त्याला तपकिरी छटा येऊ लागते. अमिनो आम्लं आणि साखरा यांची आपापसांतली ही क्रिया, मेयार अभिक्रिया. भाजलेल्या कॉफीचा बराचसा सुगंध आणि अंगातला भरीवपणा इथे तयार होतो.

मग १९५ ते २०५ अंशांच्या दरम्यान कधीतरी पहिली तडतड सुरू होते, जिला सगळे फर्स्ट क्रॅक म्हणतात. आतली वाफ आणि वायू दाण्याला फुगवतात, पेशी फुटतात, आणि मोठा, मोकळा, सुटा सुटा आवाज येतो. इथून पुढे कॉफी पिण्याजोगी होऊ लागते. आणखी २५ ते ३० अंशांनी दुसरी तडतड येते. तिचा आवाज बारीक आणि घाईचा असतो, सुकलेली पानं पायाखाली चुरडावीत तसा. दुसऱ्या तडतडीनंतर तेल पृष्ठभागावर यायला लागतं आणि धूर झपाट्याने वाढतो.

या दोन आवाजांमधली दोन-चार मिनिटं म्हणजेच आपला सगळा खेळ. तेवढ्या वेळात सायट्रिक आम्ल घटत जातं, म्हणून लिंबासारखा आंबटपणा मावळतो. क्लोरोजेनिक आम्लांचं विघटन होतं. त्यातून आधी सौम्य कडू पदार्थ तयार होतात आणि डार्क भाजणीत जास्त तीव्र, रेंगाळणारे कडू पदार्थ. कच्च्या दाण्यातली साखर मध्यम भाजणीपर्यंत जवळपास संपलेली असते. म्हणजे कपात जाणवणारा गोडवा उरलेल्या साखरेचा नसतो. तो सुगंधाचा आणि आंबट-कडूच्या तोलाचा परिणाम असतो. हा तोल प्रत्येक दाण्यात वेगळ्या ठिकाणी साधतो, म्हणून थांबा शोधावा लागतो. कॅफिन मात्र भाजणीने फारसं बदलत नाही; डार्क कॉफी जास्त ‘स्ट्राँग’ लागते ती कडूपणामुळे.

साधनं

जाड बुडाची कढई, गरम हवेवर चालणारं पॉपकॉर्नचं यंत्र किंवा छोटा ड्रम रोस्टर, यांपैकी काहीही चालेल. कढईत दाणे अखंड हलवत राहावे लागतात आणि भाजणी थोडी असमान येते. पॉपकॉर्नच्या यंत्रात ती एकसारखी येते, पण सगळं इतकं भरभर घडतं की थांबा पकडायला सावध राहावं लागतं. महागड्या यंत्रापेक्षा दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, घड्याळ आणि वही जास्त महत्त्वाची.

थंड करायला दोन धातूच्या चाळण्या आणि पंखा हवा. खिडक्या उघड्या ठेवा. फोलपटं पेट घेऊ शकतात, म्हणून भाजणी सुरू असताना जागा सोडू नका. दाण्यांनी पेट घेतलाच तर आच बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवा. यंत्र असेल तर वीज तोडा आणि ते उघडू नका. हवा आत गेली की ज्वाळा वाढते.

पहिली फेरी: चार घाणे, चार थांबे

प्रत्येक घाणा १०० ग्रॅमचा घ्या. पहिल्या तडतडीपर्यंत चारही घाणे शक्य तितके एकसारखे भाजायचे: सुरुवातीचं तापमान तेच, आच तीच, हलवणं तेच. फरक फक्त शेवटी करायचा. भांडं पहिल्या घाण्यानंतर जास्त तापलेलं असतं, म्हणून दर वेळी त्याला तेवढंच निवू द्या. हे पाळलं नाही तर चवीतला फरक थांब्यामुळे पडला की सुरुवातीमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

कढईत किंवा ड्रममध्ये पहिली तडतड ८ ते १० मिनिटांत यावी अशी आच धरा. पॉपकॉर्नच्या यंत्रात ती बरीच आधी येते. एखाद-दुसरा आवाज धरू नका; सलग आवाज येऊ लागले की घड्याळ पाहा आणि तिथून मोजा.

पहिला घाणा सुमारे एका मिनिटाने काढा, तडतड विरळ होऊ लागताना. दुसरा पावणेदोन ते दोन मिनिटांनी, तडतड पूर्ण थांबल्यावर. तिसरा दुसऱ्या तडतडीच्या उंबरठ्यावर, बहुधा अडीच ते तीन मिनिटांच्या दरम्यान. धुराचा वास गोडसर-तिखट होतो तेव्हा ती जवळ आली असं समजा. चौथा दुसऱ्या तडतडीचे पाच-सहा आवाज ऐकून. गरम हवेच्या यंत्रात हे सगळे अवधी कमी करावे लागतील.

दाणे बाहेर काढले तरी आतल्या उष्णतेने भाजत राहतात. म्हणून ते एका चाळणीतून दुसऱ्या चाळणीत ओतत, पंख्याखाली, चार मिनिटांच्या आत हाताला गार लागले पाहिजेत.

आता वजन. १०० ग्रॅमचे ८६ झाले तर घट १४ टक्के. पहिल्या घाण्याची घट साधारण ११ ते १३ टक्के येते, दुसऱ्याची १३ ते १५, तिसऱ्याची १५ ते १७ आणि चौथ्याची १७ ते १९. रंगापेक्षा माझा या आकड्यावर जास्त भरवसा आहे. रंग दिव्याच्या उजेडाप्रमाणे बदलतो, नॅचरल आणि डिकॅफ (कॅफिन काढून टाकलेल्या) दाण्यांत तर तो सरळ फसवतो. घटीचा आकडा पुढच्या महिन्यातही तसाच ताडून पाहता येतो.

भाजलेल्या दाण्यांत काही फिकट, शेंगदाण्याच्या रंगाचे दाणे दिसले तर वेचून काढा. ती कच्च्या फळांची बी असते. तिच्यात साखर पुरेशी नसते, म्हणून कितीही भाजली तरी रंगत नाही आणि कपात कोरडी, कागदी चव आणते.

चाखणं

भाजणी शोधताना चाखायला कपिंग हीच पद्धत वापरा. फिल्टर किंवा एस्प्रेसोत ओतण्याचा हात आणि यंत्र मधे येतात. कपिंगमध्ये फक्त कॉफी आणि पाणी.

चारही घाणे एकाच दिवशी भाजून हवाबंद डब्यांत ८ ते २४ तास ठेवा. मग प्रत्येकाचे ८.२५ ग्रॅम दाणे जरा भरड दळा आणि १५० मिलिलिटरच्या कपात घाला. माप वेगळं असेल तर प्रमाण तेच ठेवा. कोरड्या पुडीचा वास घ्या. सुमारे ९३ अंशांचं पाणी काठोकाठ ओता. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने बाजूला सारा आणि नाक अगदी कपाजवळ नेऊन तो वास घ्या. कपाचा सगळ्यात बोलका क्षण हाच. मग फेस काढून टाका आणि आणखी पाच-सहा मिनिटं थांबून चमच्याने सुर्रकन ओढत चाखा. घाण्याचा क्रमांक कपाच्या बुडाशी लिहा आणि कपांची जागा दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्या. कोणता कप डार्क आहे हे माहीत असलं की जीभ आधीच मत बनवून बसते.

प्रत्येक कप तीनदा चाखा: गरम, कोमट आणि पूर्ण गार. घाईने पहिल्या घोटावर निर्णय घेऊ नका, कारण गरम कपात दोष लपतात. चांगला आंबटपणा कप निवताना गोड आणि फळासारखा होत जातो. कच्चेपणाचा आंबटपणा निवताना टोचू लागतो, आणि त्यामागे गवत, कच्चा वाटाणा किंवा शेंगदाण्याचं टरफल जाणवतं. दुसऱ्या टोकाला राख, धूर आणि घशात रेंगाळणारा कोरडेपणा येतो. त्या टोकाला सगळ्या देशांच्या कॉफी एकसारख्या लागू लागतात.

शोधायचा आहे तो असा कप, ज्यात दाण्याची स्वतःची ओळख अजून टिकून आहे आणि गोडवाही पुरता भरला आहे. बहुतेकदा हे दोन घाण्यांच्या मधे कुठेतरी असतं.

कोणत्या दाण्याचा शोध कुठून सुरू करावा

चारही घाणे भाजण्याइतकी कॉफी हाताशी नसेल तर सुरुवातीचा अंदाज उपयोगी पडतो.

इथिओपियाच्या यिर्गाचेफेसारख्या वॉश्ड कॉफीत फुलांचा आणि लिंबाचा सुगंध असतो. पनामामुळे २००४च्या लिलावानंतर जगभर गाजलेल्या गेशा जातीचंही तेच. हा सुगंध नाजूक असतो आणि दुसऱ्या घाण्याच्या पुढे विरतो. शोध पहिल्या घाण्याच्या आसपास ठेवा. मात्र दाणा कडक असतो, त्यामुळे सुरुवातीची आच भरपूर हवी, नाहीतर बाहेरून भाजलेला आणि आतून कच्चा असा दाणा मिळतो. इथिओपियाची नॅचरल कॉफी किंचित पुढे नेलेली चांगली. फार लाइट ठेवली तर तिच्यातला फळांचा वास आंबून गेल्यासारखा लागतो.

केनियाची कॉफी माझ्या मते सगळ्यात शिकवणारी. तिचा आंबटपणा इतका ठसठशीत असतो की पहिल्या घाण्यात तो अंगावर येतो, तर तिसऱ्यात ब्लॅककरंट या आंबटगोड काळ्या फळाची चव हरवते. नेमका थांबा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे, अरुंद पट्ट्यात असतो. पंधरा सेकंदांचा फरक कपात कसा दिसतो, हे शिकायला याहून चांगला दाणा नाही.

कोलंबिया आणि ग्वाटेमाला इथल्या वॉश्ड कॉफी बऱ्याच सोशिक. दुसऱ्या घाण्यापासून सुरू करा; आंबटपणा आवडत असेल तर मागे या, चॉकलेट हवं असेल तर पुढे जा.

ब्राझीलचा दाणा तुलनेने कमी उंचीवरचा आणि मऊ असतो, बहुतेक नॅचरल. आंबटपणा मुळातच कमी, म्हणून लाइट भाजणीत तो पोकळ लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे सुकामेवा आणि चॉकलेटची चव भरून येते. सुरुवातीची आच कमी ठेवा.

सुमात्राच्या कॉफीचं वरचं कवच दाणा ओला असतानाच काढतात आणि तो उघडाच वाळवतात. त्यातून मातीचा, मसाल्यांचा स्वाद आणि जड अंग येतं. भाजताना रंग बराच वेळ चट्ट्यापट्ट्यांचा राहतो आणि तडतडही दबकी येते, त्यामुळे वास आणि वजनावर भिस्त ठेवा. तिसऱ्या घाण्यापासून सुरुवात करा. भारतातली मान्सून्ड मलबार कॉफीही तिथूनच, पण मंद आचेवर. पावसाळी दमट वाऱ्यात आठवडे-आठवडे ठेवल्याने तो दाणा फुगून पिवळट आणि हलका झालेला असतो आणि त्याचा आंबटपणा जवळपास गेलेला असतो. जोराची आच त्याला सोसत नाही.

रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन मुख्य जाती. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन, जास्त क्लोरोजेनिक आम्लं आणि कमी साखर. लाइट भाजला तर धान्यासारखा आणि खरखरीत लागतो. चांगला वॉश्ड रोबस्टा सावकाश भाजून दुसऱ्या तडतडीच्या जरा आधी काढला तर मात्र तो घट्ट आणि स्वच्छ कप देतो. त्याला डार्क जाळून टाकणं ही निकृष्ट दाण्यासाठी पडलेली सवय आहे; चांगल्या दाण्याला ती लावू नये.

डिकॅफ आधीच तपकिरी असतो, रंगाचा उपयोग शून्य, आणि शेवटचा टप्पा भरकन उरकतो. दुसऱ्या घाण्याचं लक्ष्य ठेवा आणि कान टवकारून बसा.

दुसरी फेरी

पहिल्या फेरीत दुसरा आणि तिसरा घाणा आवडला असेल तर आता त्यांच्या मधे २० सेकंदांच्या अंतराने तीन घाणे काढा, पुन्हा तसंच कपिंग करा. बहुतेक दाण्यांचा थांबा इथे सापडतो.

सापडला नाही, तर दोष थांब्यात नसून वाटेत आहे. कप पावासारखा, सपाट, निर्जीव लागत असेल तर पहिल्या तडतडीच्या आसपास आच फार मंदावली आणि दाणा भाजण्याऐवजी शिजत राहिला. तिथे आच थोडी टिकवा. आंबटपणा स्वच्छ पण जास्तच धारदार असेल तर पिवळा रंग आणि पहिली तडतड यांच्यामधला वेळ अर्ध्या-एक मिनिटाने वाढवा. एकाच कपात करपटही आणि गवतही लागत असेल तर सुरुवातीची आच फार होती. हे पडताळायला अख्ख्या दाण्याचा आणि त्याच्या पुडीचा रंग शेजारी ठेवून पाहा. पूड खूपच फिकट असेल तर गाभा मागे राहिला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला.

कॉफी कशी पिणार त्यावर थोडं मागे-पुढे

कपिंगमध्ये सापडलेला थांबा फिल्टर कॉफीला बहुधा तसाच चालतो. एस्प्रेसोत आंबटपणा एकवटतो, म्हणून १० ते २० सेकंद पुढे न्या. दूध घालणार असाल तर त्याहूनही जरा पुढे, कारण दूध नाजूक सुगंध झाकून टाकतं आणि त्यातून वर यायला चॉकलेट-कॅरॅमलचा जोर लागतो. लाइट भाजणीचे अर्क सहज उतरत नाहीत. तिला बारीक दळण आणि जास्त गरम पाणी द्या. फिल्टर किंवा एस्प्रेसोच्या कपावर मात्र पहिल्याच दिवशी मत बनवू नका. भाजल्यावर दाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. फिल्टरसाठी चार-पाच दिवस आणि लाइट एस्प्रेसोसाठी दहा दिवसांच्या पुढे चव खुलते. तेल सुटलेली डार्क कॉफी मात्र लवकर खवट होते. ती कमीच भाजून लवकर संपवा.

वहीत प्रत्येक घाण्यासाठी दाण्याचं नाव, पिकाचं वर्ष, एक लिटरचं वजन, पिवळा रंग आणि पहिली तडतड यांची वेळ, थांब्याची वेळ, घटीचा टक्का आणि चवीचे चार शब्द लिहा. पुढच्या हंगामात त्याच मळ्याची कॉफी आली तरी तिची घनता आणि ओलावा वेगळे असू शकतात. तेव्हा चार घाण्यांची गरज नाही. जुन्या थांब्यावर एक, त्याच्या २० सेकंद अलीकडे एक आणि पलीकडे एक असे तीन घाणे भाजून ताडा.